एकाच लॉटचे दोन रिपोर्ट, एक पास एक फेल: अफ्लाटॉक्सिनच्या तपासणीत घोळ कुठे होतो, कसा शोधायचा

शेंगदाण्याच्या धंद्यात ही तक्रार दर हंगामात येते. गाडी भरायच्या आधी अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीने दाण्यात तयार केलेल्या विषाचा, लॅबचा रिपोर्ट आला ३ पीपीबी. माल पार्टीच्या गोदामात उतरला, त्यांनी आपल्या लॅबला सॅम्पल पाठवलं, तिकडून आलं ४०. लॉट तोच, पोत्यावरचा मार्का तोच. मग फोनाफोनी सुरू. एक म्हणतो तुमची लॅब मॅनेज केलेली आहे, दुसरा म्हणतो तुमच्या मशीनचं कॅलिब्रेशन गंडलंय. लॅबच्या कामात असल्यामुळे असे फोन मला दोन्ही बाजूंनी येतात. मशीनवर खापर फोडण्याआधी काय काय बघायचं, हे दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी आकड्याचा अंदाज घ्या. एक पीपीबी म्हणजे एका टनात एक मिलिग्रॅम. एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा पुढे प्रक्रिया होणाऱ्या दाण्यासाठी एकूण अफ्लाटॉक्सिन १५ पीपीबी, थेट खायच्या दाण्यासाठी १०. म्हणजे १० टनांच्या गाडीत १५० मिलिग्रॅम विष असलं की माल मर्यादेच्या काठावर. चिमूटभर मीठही यापेक्षा जास्त भरतं. आणि हे विष गाडीभर सारखं पसरलेलं नसतं, सगळी गोम तिथेच आहे.

दोष सॅम्पलचा की लॅबचा, हे आधी ठरवा

दोन रिपोर्ट जुळले नाहीत की लोक पोत्यातून नवीन सॅम्पल काढून तिसऱ्या लॅबला पाठवतात. तिकडून तिसराच आकडा येतो आणि भांडण वाढतं. त्याऐवजी असं करा. एक मोठं सॅम्पल घ्या, ते सगळंच्या सगळं एका ठिकाणी बारीक दळा, नीट मिसळा आणि त्या पुडीची तीन पाकिटं करून सील करा. एक या लॅबला, एक त्या लॅबला, एक फ्रीजरमध्ये.

एकाच पुडीवर दोन्ही लॅबचे आकडे जवळपास आले, समजा १८ आणि २२, तर दोन्ही लॅब ठीक आहेत आणि आधीचा फरक पोत्यातून सॅम्पल काढताना पडला होता. पुडीवरही ५ आणि ४० आले तर मात्र लॅबमध्ये शिरावं लागेल. खर्च दोन टेस्टचा, पण अर्धा शोध इथेच संपतो. माझा अनुभव असा की पुडीवर आकडे बहुतेक वेळा जुळतात. म्हणून पुढचा बराचसा मजकूर सॅम्पलवरच आहे.

एका दाण्याचा हिशोब

अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी दाण्यात शिरते ती शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण पडून शेंगेला चीर गेली असेल, हुमणीने किंवा वाळवीने शेंग पोखरली असेल, नाहीतर काढणीनंतर वाळवण लांबलं असेल तेव्हा. एका वेलाच्या दहा शेंगांत नऊ निरोगी आणि एक बाधित असू शकते. त्या एका दाण्यातलं विषाचं प्रमाण भयंकर असतं. सुट्या दाण्यात दहा लाख पीपीबीच्या वर मोजल्याच्या नोंदी आहेत.

आपण सौम्य उदाहरण घेऊ. दाण्याचं वजन अर्धा ग्रॅम, त्यात विष एक लाख पीपीबी. म्हणजे त्या एका दाण्यात ५० मायक्रोग्रॅम. आता समजा लॉटमध्ये दर पाच किलोला असा एक दाणा आहे, म्हणजे दहा हजारांत एक. लॉटची खरी सरासरी झाली १० पीपीबी. तुम्ही एक किलोचं सॅम्पल काढलंत, त्यात साधारण दोन हजार दाणे. तो दाणा त्यात आला तर रिपोर्ट ५० पीपीबी, नाही आला तर शून्य. पाचातल्या चार वेळा तो येणारच नाही. म्हणजे १० पीपीबीच्या लॉटवर एक किलोच्या सॅम्पलने १० हा आकडा कधीच येत नाही! एकतर कोरा, नाहीतर थेट फेल.

तेच २० किलो काढलंत तर त्यात सरासरी चार असे दाणे येतात. कधी दोन, कधी सहा. रिपोर्ट पाचातल्या चार वेळा ५ ते १५ च्या दरम्यान पडतो. फरक तरीही राहतो, पण निदान एकाच गावातला राहतो. युरोपच्या नियमात शेंगदाण्याच्या मोठ्या लॉटच्या प्रत्येक भागासाठी १०० ठिकाणांहून प्रत्येकी सुमारे २०० ग्रॅम, असं २० किलो सॅम्पल सांगितलंय ते याच हिशोबामुळे. व्यापाऱ्यांना ते २० किलो म्हणजे माल फुकट घालवणं वाटतं. कंटेनर परत आला की तो हिशोब वेगळा होतो.

मक्यात दाणा लहान आणि दळण सोपं, त्यामुळे फरक जरा कमी पडतो. पिस्ता, अंजीर, सुकं खोबरं, आख्खी मिरची इथे प्रकार शेंगदाण्यासारखाच.

परखी कुठे मारली?

थप्पीच्या पुढच्या रांगेतली, हाताला येणारी सात-आठ पोती फोडून काढलेलं सॅम्पल हे त्या सात-आठ पोत्यांचं असतं. एका लॉटमध्ये चार गावांचा माल असतो, आडत्याकडे तो एकत्र झालेला असतो, आणि खराब माल बहुधा एखाद-दुसऱ्या शेतकऱ्याच्या खळ्यावरून आलेला असतो. ती पोती थप्पीच्या आत असली तर परखी (पोत्यात खुपसून दाणे काढायची पोकळ सळई) तिथे पोचणारच नाही.

दुसरं, सुरकुतलेले, बारीक, फुटके आणि रंग गेलेले दाणे यांत विष जास्त असतं, आणि हेच दाणे पोतं हलताना खाली बसतात. वरून मूठभर घेतलं की चांगले टपोरे दाणेच हातात येतात. म्हणून सॅम्पल काढायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे माल हलत असताना: ग्रेडिंगच्या पट्ट्यावरून, पोतं भरताना, गाडी चढवताना ठराविक अंतराने थोडं थोडं. हमालांना आधी सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही डबा घेऊन पोचेपर्यंत गाडी भरून झालेली असते.

सॅम्पल पाठवण्यातही घोळ होतो. दमट दाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मे महिन्यात कुरिअरने पाठवले आणि ते चार दिवस फिरत राहिले, तर बुरशी पिशवीत वाढते. लॅब जे मोजते ते तुमच्या गोदामातलं राहत नाही. दाण्यात ओल सात टक्क्यांच्या वर असेल तर आधी वाळवा किंवा थंड ठेवून पाठवा, आणि पिशवी कापडी किंवा कागदी वापरा. लॉटचंही तेच. फोडणीयंत्रात दाणे फुटू नयेत म्हणून शेंगांवर पाणी मारायची सवय आपल्याकडे आहे. फोडणीआधी पास झालेला माल नंतर दमट अवस्थेत पोत्यात भरला तर महिन्याने त्याचा रिपोर्ट वेगळा येणारच. इथे कुठलीच लॅब चुकलेली नसते.

दळण: सगळ्यात दुर्लक्षित जागा

काही ठिकाणी २० किलो नीट काढून लॅबला पोचतं आणि तिथे त्यातले ५० ग्रॅम आख्खे दाणे उचलून मिक्सरला लावतात. ५० ग्रॅम म्हणजे शंभर दाणे. आधीची सगळी मेहनत पाण्यात. लॅबला सरळ विचारा: आमचं सगळं सॅम्पल दळता, की त्यातलं थोडं? उत्तर द्यायला कां-कूं झाली तर समजून जा.

शेंगदाणा नुसता दळला की तेल सुटून लगदा होतो आणि भांड्याला चिकटतो. म्हणून दाण्यात पाणी घालून मोठ्या ब्लेंडरमध्ये पातळ पिठासारखं वाटण करतात, त्याने मिसळणी फार चांगली होते. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दाणे आणि पाणी समान वजनाचं असेल तर १०० ग्रॅम वाटणात दाणे ५० ग्रॅमच, हे गणितात धरलं नाही तर रिपोर्ट थेट निम्मा येतो. आणि वाटणातलं पाणी अर्कासाठीच्या मिथेनॉलला पातळ करतं, त्यामुळे मिथेनॉलचं प्रमाण त्या हिशोबाने वाढवून घ्यावं लागतं. रिपोर्ट बरोब्बर निम्मा किंवा दुप्पट येतोय असं दिसलं की रसायनशास्त्र बाजूला ठेवून आधी ही वजाबाकी-भागाकाराची वही तपासा.

शून्य यायला हवं त्या सॅम्पलमध्ये ४-५ पीपीबी येत असेल तर आधीच्या सॅम्पलची पूड चक्कीत राहिलेली असते. फेल सॅम्पलनंतर चक्की धुवा, मग खात्रीचा स्वच्छ माल दळून फेकून द्या. ही पूड नाकात जाऊ देऊ नका. अफ्लाटॉक्सिन कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात आहे, मास्क आणि हातमोजे हवेतच.

पुडीवरही आकडे जुळत नाहीत तेव्हा

आता लॅबच्या आत. लक्षण काय दिसतंय त्यावरून जागा सापडते.

एलायझा किंवा स्ट्रिप (प्रतिपिंडावर, म्हणजे विष पकडणाऱ्या प्रथिनावर चालणाऱ्या झटपट चाचण्या) जास्त दाखवते आणि एचपीएलसी (अर्कातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) कमी, हे मसाल्यांत आणि पेंडीत नेहमीचं. एलायझात विष जास्त असेल तर रंग कमी येतो, त्यामुळे प्रतिपिंडाच्या कामात ज्याने ज्याने अडथळा येतो ते सगळं यंत्राला अफ्लाटॉक्सिनच वाटतं. मिरचीचा रंग, हळदीचं कर्क्युमिन, मुरघासाचा आंबटपणा, अर्कात राहिलेलं जास्तीचं मिथेनॉल, सगळे यात मोडतात. किट कोणकोणत्या मालासाठी तपासलेलं आहे ते त्याच्या पत्रकात दिलेलं असतं. मक्याचं किट हळदीवर चालवून फेल ठरवलेल्या लॉटवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. खात्रीचा स्वच्छ माल त्याच किटवर लावून बघा. तिथेही आकडा आला तर तो मालाचा अडथळा, विष नव्हे. स्ट्रिप गरम ठेवायच्या डब्याचं तापमान आणि वाचायची वेळ हीही बघा. दुपारच्या चहानंतर वाचलेल्या स्ट्रिपचा काही भरवसा नाही.

एचपीएलसीत सगळेच आकडे कमी येत असतील तर इम्युनोअॅफिनिटी कॉलमवर (अर्कातलं विष प्रतिपिंडाने धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीवर) आधी संशय घ्या. तो फ्रीजमधून काढून लगेच वापरला, अर्क बफरने पुरेसा पातळ केला नाही, मिथेनॉल पंधरा टक्क्यांच्या वर राहिलं, आम्लधर्मी सॅम्पलचा पीएच जुळवला नाही, किंवा घाईत जोर देऊन अर्क भसाभस सोडला, यातलं काहीही झालं तरी प्रतिपिंड विष धरत नाही. थेंब मोजता येतील इतकाच वेग हवा. कॉलमची क्षमताही साधारण १०० नॅनोग्रॅमच असते. एक ग्रॅम मालाइतका अर्क घातला आणि माल ३०० पीपीबीचा निघाला, तर दोन तृतीयांश विष निसटून जातं आणि रिपोर्ट १०० च्या आसपास अडकतो. फार खराब मालांचे आकडे सगळे एकाच पातळीला थबकलेले दिसले तर अर्क आणखी पातळ करून पुन्हा लावा.

अफ्लाटॉक्सिनचे बी१, बी२, जी१, जी२ असे चार प्रकार एचपीएलसी वेगवेगळे दाखवते. बी२ आणि जी२ ची पीक (आलेखातली शिखरं) झकास, पण बी१ आणि जी१ बसलेली? हे लक्षण मला आवडतं, कारण याचं उत्तर एकच जागा दाखवतं. बी१ आणि जी१ पाणीदार द्रवात फारसे चमकत नाहीत, त्यांना ब्रोमीन लावून किंवा अतिनील दिव्याखालून नेऊन चमकवावं लागतं. बी२, जी२ ला त्याची गरज नसते. म्हणजे कॉलम ठीक, पंप ठीक, डिटेक्टरही ठीक. दिवा जुना झालाय, किंवा ब्रोमाइड घालायचं राहिलंय, किंवा सेलमधून करंट जात नाही. इतकंच बघा.

सकाळी लावलेलं स्टँडर्ड (विषाचं ठाऊक प्रमाण असलेलं द्रावण) बरोबर आणि संध्याकाळचं कमी येत असेल तर बाटली बघा. पाणीदार द्रावणात अफ्लाटॉक्सिन साध्या काचेला चिकटतं, आणि उजेडात खराब होतं. आम्लाने धुतलेल्या, तपकिरी बाटल्या वापरा.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर मागून पुढे या. स्टँडर्ड थेट मशीनला द्या. मग तेच कॉलममधून पास करून द्या. मग स्वच्छ मालाच्या अर्कात मिसळून द्या. शेवटी स्वच्छ पुडीत मिसळून पहिल्यापासून सगळं करा. ज्या पायरीला आकडा पडतो, दोष तिथे. १ ते १० पीपीबीला ७० ते ११० टक्के आणि त्याच्या वर ८० ते ११० टक्के परत मिळालं तर युरोपच्या २००६ च्या नियमातल्या निकषात ती पद्धत बसत होती.

अतिनील टॉर्चबद्दल दोन शब्द, कारण मार्केट यार्डात हल्ली ती बरीच दिसते. मक्यावर ती मारली की हिरवट-पिवळी चमक दिसते ती अफ्लाटॉक्सिनची नसते, त्याच बुरशीच्या दुसऱ्या एका पदार्थामुळे तयार झालेली असते. बुरशी होती एवढं त्यावरून कळतं, विष झालं का ते कळत नाही. चमक नाही म्हणून विष नाही, असंही धरता येत नाही. डोळ्याला दिसणाऱ्या बुरशीचंही तेच.

दोन्ही रिपोर्ट बरोबर, मर्यादा वेगळी

कधीकधी आकड्यात फरक नसतोच. रिपोर्टवर बी१ ६ आणि एकूण ९ असेल तर तो माल आपल्याकडे पास आहे. युरोपात पुढे प्रक्रियेसाठी म्हणून गेला तरी पास, कारण तिथे बी१ ला ८ आणि एकूणला १५ चालतं. पण थेट खायचा दाणा म्हणून गेला तर फेल, कारण तिथे बी१ ला २ आणि एकूणला ४ ची मर्यादा आहे. पीपीबीच्या पुढे काय लिहिलंय, बी१ की एकूण, आणि आकडा रिकव्हरीने (घातलेल्या विषातलं किती परत मिळतं त्या टक्केवारीने) दुरुस्त केलाय की नाही, एवढं आधी वाचा. सौद्याच्या कागदावर कुठली मर्यादा आणि किती किलोचं सॅम्पल हे लिहून घेतलंत तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

दूध: आज फेल, परवा पास

संकलन केंद्रावर एम१ ची (दुधात उतरणाऱ्या अफ्लाटॉक्सिनची) स्ट्रिप एक दिवस फेल जाते, दोन-तीन दिवसांनी त्याच गोठ्याचं दूध पास होतं, आणि शेतकरी म्हणतो तुमची पट्टीच खराब. पट्टी बहुधा ठीक असते. जनावराने बी१ खाल्लं की दिवसभराच्या आत ते एम१ होऊन दुधात उतरतं, आणि खराब खाद्य थांबवलं की तीन-चार दिवसांत जातं. म्हणजे त्या दिवशी कुठलं पोतं फोडलं होतं, हा खरा प्रश्न आहे.

हिशोब सोपा आहे. गाय दिवसाला चार किलो पेंड-भरडा खाते, त्यात बी१ ८० पीपीबी, म्हणजे ३२० मायक्रोग्रॅम. त्यातलं साधारण दोन टक्के दुधात आलं तर ६.४ मायक्रोग्रॅम. दूध दहा लिटर असेल तर लिटरला ०.६४, आणि मर्यादा आहे ०.५. तेच खाद्य २० पीपीबीचं, म्हणजे भारतीय मानकाच्या मर्यादेतलं असतं, तर दुधात ०.१६ आलं असतं. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले होते, त्यातले ३६८ एम१ मध्ये मर्यादेबाहेर होते. दूध उकळून किंवा पाश्चराइज करून एम१ जात नाही, आणि ते केसीनला, म्हणजे दुधातल्या प्रथिनाला, धरून राहत असल्यामुळे चीजमध्ये उलट जास्त सापडतं. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा आणि वरून बुरशी धरलेला मुरघास, या क्रमाने शोधा, आणि खाद्याचं सॅम्पल काढताना वरचा दाण्याचा हिशोब विसरू नका. एका पोत्यातली ओंजळ पुरणार नाही.

माल खरंच फेल असेल तर

भाजून, सोलून, रंगावर वेचणाऱ्या सॉर्टेक्समधून काढला तर बराच माल वाचतो, कारण विष थोड्या दाण्यांत असतं आणि ते दाणे बहुधा रंगाने पकडले जातात. भाजण्याने विष फारसं कमी होत नाही, काम वेचण्याने होतं. गाळपाला दिला तर रिफाइंड तेलात क्षार आणि ब्लीचिंगच्या पायरीला ते निघून जातं, घाण्याच्या कच्च्या तेलात मात्र राहू शकतं, आणि बहुतेक सगळं पेंडीत जातं. ती पेंड गोठ्यात गेली की वरची दुधाची गोष्ट सुरू. चांगल्या मालात मिसळून सरासरी खाली आणायचा विचार करू नका, युरोपच्या कायद्याने तर ते सरळ बंद आहे.

आणि सगळ्यात जास्त दिसणारी पळवाट: पास येईपर्यंत सॅम्पल पाठवत राहायचं. वरच्याच उदाहरणात लॉटची खरी सरासरी ३० पीपीबी धरा, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. एक किलोच्या सॅम्पलमध्ये एकही बाधित दाणा न येण्याची शक्यता तरीही निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के. दोनदा पाठवलं की पाचातल्या चार वेळा निदान एक पास रिपोर्ट हातात पडतोच. म्हणून एका लॉटचे जितके रिपोर्ट आले असतील त्या सगळ्यांची सरासरी धरा. ३ आणि ४० आले असतील तर तो लॉट माझ्या लेखी २१.५ चा आहे, २० किलोचं सॅम्पल सगळं दळून वेगळं काही सिद्ध होईपर्यंत.